सोळाच्या खाली

सोळाच्या खाली यंत्र जात नाही, मी म्हणालो,
कंपनीने तशी सोयच ठेवलेली नाही.
व्हीलरसाहेब म्हणाले, मेकॅनिक आहेस ना? ने.

सालमी रोड, शेवटच्या नाक्याच्या पुढे
वाळूत पांढरे कंटेनर ओळीने.
एप्रिल, तरी बाहेर एक्केचाळीस,
पान्याला हात लावला की चटका.
चार नंबरच्या कंटेनरमध्ये एक माणूस उभा होता. उघडा.
डोक्यावर पोतं, बारीक विणीचं,
हात वर, साखळीत.
मी शिडी त्याच्यापासून हातभर अंतरावर लावली.
जागाच तेवढी होती.

पॅनेल उघडलं. सेन्सर काढला.
वीतभर तांब्याची तार घेऊन
दोन टोकं जोडून टाकली.
आता किती गार झालंय
ते यंत्राला कळणार नव्हतं.
ते चालतच राहणार होतं.
खाली दात वाजत होते,
सैल झालेल्या फॅनसारखे. सवयीने मी कान दिला,
आवाज कुठून येतोय ते शोधायला.

व्हीलरसाहेबांनी बॅटरी धरली होती,
माझ्या हातावर उजेड नीट पडावा म्हणून मान वाकडी करून.
त्यांच्या गळ्यातला क्रूस शिडीला लागला. टिण्ण.
माझ्या गळ्यातला त्यांनी पाहिला, हसले,
बाहेर आल्यावर पाण्याची बाटली दिली.
पावतीवर मी लिहिलं: काम पूर्ण. कूलिंग उत्तम.

मग आला उत्तम शुक्रवार.
एरवीही इथे शुक्रवारच आमचा रविवार.
सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना,
मल्याळी, तमिळ, अरबी, आम्ही नगर-जालन्याचे वीसेक,
आणि तिसऱ्या ओळीत, इस्त्रीच्या शर्टात, व्हीलरसाहेब.
मराठी वाचन माझ्याकडे होतं.
वाचत गेलो. अंगण, विस्तव, शेकणारे चाकर,
त्यांच्यात उभा राहून शेकणारा पेत्र.
त्या रात्री थंडी होती, असं लिहिलंय.
इतकी वर्षं वाचलं, कधी अडखळलो नव्हतो.
त्या शब्दावर थांबलो.
लोकांना वाटलं, भिंगारदिव्यांना गहिवरून आलं.

द्राक्षाचा रस. हा दारूबंदीचा देश.
प्याला ओळीतून हातोहात येत होता.
माझ्या हातात दिला तो व्हीलरसाहेबांनी,
दोन्ही हातांनी, खाली सांडू नये म्हणून जपून.
मी प्यालो.
कोणी विचारेल, नाही म्हणायचं होतंस.
मी प्यालो.

नंतर चहा. त्यांनी मला ओळखलं.
इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला,
मीही रात्री गुडघे टेकतो.
पण हिशेब कर. एक माणूस बोलला
तर शंभर जण वाचतात.
साधा हिशेब. चांगला माणूस. डोळे ओले होते त्यांचे.
मी मान हलवली आणि बिस्किट बुडवलं.

हा हिशेब कुठे ऐकलाय, ते आठवेना.
महबूलाच्या खोलीवर, रात्री दोन वाजता, आठवलं.
मी वाचलेल्याच पानावर होता. काही ओळी आधी.
एक मेला तर प्रजा वाचते.
बोलणारा कयफा होता.
तोही देवाचाच माणूस होता,
तोही रडला असेल, कोणी लिहून ठेवलं नाही.

पाळकसाहेबांना फोन केला.
युद्ध आहे, भिंगारदिवे, ते म्हणाले, प्रार्थना करा.
मग जरा थांबून,
आणि इकामा कधी संपतो तुमचा?

आता खोलीतला एसी मी रात्री बंद करतो.
सहा जण आहोत, पाच शिव्या देतात.
घामाने गादी भिजते. ह्याने कोणाचं काय गरम होणार,
मलाही कळतं.
ती तार माझ्या हातची आहे.
मी वेटोळे पक्के पिळतो, माझी कामं
वर्षानुवर्षं टिकतात.